रंग झाकण्यासाठी की जपण्यासाठी?



पावसाळा सरला की आपल्या सातारा-सांगलीकडे रंगाचे दिवस सुरू होतात. घराच्या भिंती, दुकानांचे शटर, उसाच्या हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळ्यांनाच नवा हात लागतो. अलीकडे त्यात आणखी एक काम वाढले आहे. आपले काही तरुण जुनी, पडून राहिलेली मोटारगाडी थोडक्या पैशांत विकत घेतात, अंगणात ताडपत्रीखाली उभी करतात आणि सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी करून ती दुरुस्त करतात. बहुधा ती मारुती ८०० असते. डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झालेले तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, म्हणजे तिच्यातली सर्वांत तरुण गाडीदेखील आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. इंजिन सुरू होते, ब्रेक लागतात, आणि मग प्रश्न येतो रंगाचा. गॅरेजमध्ये पूर्ण गाडी रंगवून घ्यायची तर खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून साधा सिंथेटिक इनॅमल आणायचा आणि घरीच मारायचा, असे ठरते.

या तरुणांकडून आम्हांला अधूनमधून एक प्रश्न ऐकू येतो. "फादर, शे-दोनशेचा डबा मारून जुनी गाडी नव्यासारखी दाखवायची, ही एक प्रकारची फसवणूकच नाही का?" कुणी तो हसत विचारतो, कुणी गंभीरपणे. प्रश्न मात्र गंभीर आहे आणि केवळ गाडीपुरता नाही, म्हणून या रविवारी त्याचा थोडा विचार करू.

स्वस्त रंगाची लाज कशाला?

पहिली गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. स्वस्त रंगात खोटे काही नाही. लोखंडी दरवाजाला चालतो तो इनॅमल गाडीच्या पत्र्यालाही चालतो. त्याची चकाकी महागड्या रंगाइतकी टिकत नाही, उन्हाने तो लवकर फिका पडतो, वाळायला वेळ घेतो, एवढेच. ज्याच्या खिशात जेवढे आहे तेवढ्यात त्याने आपली वस्तू नीट ठेवावी, यात कमीपणा नाही. ब्रशने किंवा रोलरने गाडी रंगवणे म्हणजे गावंढळपणा, असेही काहींना वाटते. पण १९२० च्या दशकापर्यंत जगभर मोटारी प्रामुख्याने ब्रशनेच रंगवल्या जात. थरावर थर देत, प्रत्येक थर वाळू देत आणि घासत, एका गाडीला काही आठवडे लागत. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा लवकर वाळणारा रंग १९२३ मध्ये ओकलँड मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम फार थोड्या वेळात होऊ लागले. म्हणजे अंगणात रोलर घेऊन बसलेला आपला तरुण फार जुन्या आणि कष्टाळू परंपरेत बसला आहे.

शिवाय हे काम करून पाहिलेला कोणीही सांगेल की रंग हा त्यातला सर्वांत छोटा भाग असतो. आधी गाडी स्वच्छ धुवायची. दिवे, बीडिंग, नंबरप्लेट काढायची. मग पत्र्यावर बोट फिरवत गंज शोधायचा. जिथे फुगवटा दिसतो तिथे खरवडून चकचकीत लोखंड लागेपर्यंत जायचे. उघडा पत्रा फार वेळ न ठेवता त्यावर प्रायमर मारायचा. खड्डा असेल तिथे लांबी भरायची, तीही पातळ. मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासत राहायचे. पुढे रंग टर्पेंटाईनने पातळ करून एकेक हलका हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा घासायचे. घाई केली तर ओघळ येतात. उसाचे पाचट जळत असताना दार उघडे ठेवले तर ओल्या रंगावर काजळी येऊन बसते. या सगळ्या मेहनतीला फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

रंग बदलणे आणि लोखंड बदलणे

मग फसवणूक सुरू होते कुठे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला ॲरिस्टॉटलने केलेला एक भेद शिकवला गेला. वस्तूचे मूळ द्रव्य वेगळे आणि त्या द्रव्यावर येणारे-जाणारे गुण वेगळे. अशा येत्या-जात्या गुणाचे उदाहरण म्हणून तो वारंवार रंगच पुढे करतो. पांढरी गाडी निळी केली तरी गाडी तीच राहते. आपल्याकडच्या वैशेषिक विचारवंतांनीही द्रव्य आणि गुण असा भेद केला होता. तेव्हा रंग बदलल्याने वस्तूबद्दल कोणतेही असत्य सांगितले जात नाही.

गंजाचे तसे नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की लोखंडाचे दुसरेच काहीतरी होते. ते ठिसूळ असते, बोटाने चुरगाळते, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते. म्हणून तर गंजावर मारलेला रंग काही महिन्यांत फोडासारखा वर येतो. रंग बदलला तरी पत्रा पत्राच राहतो; गंज चढला की पत्रा पत्रा राहत नाही. गंज खरवडून त्यावर रंग देणारा माणूस पत्रा जपतो. गंजावरच लांबी थापून वरून रंग देणारा माणूस जे उरलेले नाही ते आहे असे दाखवतो. दोघांचा डबा एकाच दुकानातला, एकाच किमतीचा असू शकतो. लांबून दोघांच्या गाड्या सारख्याच दिसतात. फरक रंगाच्या खाली असतो, आणि नीतीचा प्रश्न तिथेच असतो.

येशूने शास्त्री आणि परुशी यांना चुना लावलेल्या कबरांची उपमा दिली, ती आपण मत्तयच्या शुभवर्तमानात वाचतो. त्या उपमेतला एक तपशील आपल्या लक्षात येत नाही. त्या काळी यहुदी लोक कबरांना चुना लावत तो त्या लपवण्यासाठी नव्हे, तर दिसाव्यात म्हणून. वल्हांडणाच्या सणाला जाणाऱ्या यात्रेकरूचा चुकून कबरीला स्पर्श होऊन तो विटाळू नये, यासाठी ती खूण असे. म्हणजे चुन्याचे मूळ काम सावध करण्याचे होते. पुढे तोच चुना सौंदर्य म्हणून मिरवू लागला. प्रभूचा राग चुन्यावर नव्हता. आत काय आहे हे बाहेरच्याने विसरायला लावावे, यावर होता.

देवराष्ट्रेची गाडी

याच संदर्भात आपल्या भागातली एक खरी घटना आठवावी. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून आपल्याला माहीत आहे. त्याच गावातील लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातले सुटे भाग जोडून एक छोटी चारचाकी बनवली. खर्च सुमारे ६० हजार रुपये, आणि दुचाकीसारखी पायाने किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पाहिली गेली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले. पण त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या ती रस्त्यावरून थांबवली जाईल, हेही त्यांनी सांगितले. त्या बदल्यात नवी बोलेरो देण्याचे त्यांनी कबूल केले, आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली. त्यांची गाडी महिंद्रा कंपनीकडे गेली.

या घटनेत आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या गाडीने आपण कोण आहोत हे कधीच लपवले नाही. ती भंगारातून आली होती आणि ते तिच्याकडे पाहताच कळत होते. लोकांना ती आवडली ती त्यामुळेच. दुसरी गोष्ट, कौतुक करणाऱ्याने कौतुकाच्या भरात नियमाची बाजू गिळली नाही. आपण बहुधा या दोहोंपैकी एकच करतो. कुणाच्या कष्टाचे कौतुक करायचे तर दोष सांगत नाही, आणि दोष सांगायचा तर कष्ट विसरतो.

विकताना काय सांगावे?

आता अवघड भागाकडे येऊ. गाडी स्वतः वापरायची असेल तोवर प्रश्न सोपा वाटतो. विकायची वेळ आली की तो टोचू लागतो. "घेणाऱ्याला डोळे आहेत ना? त्याने मेकॅनिक आणून बघावे. आम्ही खोटे काही बोललो नाही, फक्त गप्प राहिलो." हा युक्तिवाद आजचा नाही. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमन विचारवंत सिसेरोने कर्तव्याविषयी लिहिताना नेमका हाच वाद मांडला. एक माणूस घर विकतो आहे. त्याची लाकडे कुजली आहेत, हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला लावले तेवढे सांगावे; न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, ज्याला वाट चुकलेली दिसते त्याला वाट न दाखवण्यासारखेच हे आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहिला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. विकणाऱ्याने वस्तूतला दोष सांगितलाच पाहिजे का, असा त्यांचा थेट प्रश्न आहे. त्यांचे उत्तर व्यवहारी माणसाला पटेल असे आहे. जो दोष उघड दिसतो तो सांगण्याचे बंधन नाही. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर घेणाऱ्याला ते दिसतेच. मात्र त्या दोषापुरती किंमत कमी केलेली असावी. पण जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान होऊ शकते, तो सांगितलाच पाहिजे. न सांगता विकले आणि नुकसान झाले, तर ते भरून देण्याची जबाबदारीही विकणाऱ्यावर येते.

यावर गरीब माणसाची एक रास्त तक्रार आहे. तो म्हणेल, "फादर, दोष सांगत बसलो तर गिऱ्हाईक फिरकणारच नाही. मुलीची फी या गाडीच्या पैशांतून भरायची आहे." ही तक्रार झिडकारण्याचा आम्हांला अधिकार नाही. सत्य बोलण्याची किंमत दहा हजार रुपये असते तेव्हा ती गरिबाला फार जड पडते. संत थॉमस यांनाही ही अडचण ठाऊक होती. त्यांनी म्हटले आहे की दोषाची आधीच दवंडी पिटण्याची गरज नाही, कारण मग वस्तूतले चांगले गुण न पाहताच लोक पळून जातील. मात्र जो समोर घ्यायला येतो, त्याला तो दोष सांगावा. म्हणजे जाहिरातीत 'तळपत्रा गंजलेला' असे लिहायला नको. पण माणूस अंगणात आला, गाडी पाहून खूश झाला, की त्याला गाडीखाली वाकायला लावून म्हणावे, "दादा, इथला पत्रा बदलला आहे आणि इथला अजून बदलायचा आहे. वेल्डिंगचा खर्च धरूनच किंमत सांगितली आहे." एवढ्याने व्यवहार मोडतोच असे नाही. किंमत थोडी उतरेल. उतरलेली ती रक्कम आपली कधी नव्हतीच.

सांगलीकरांना हे अधिक जवळून कळेल. २००५ चा पूर आपण पाहिला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. त्या दिवसांत कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाडीत पाणी पत्र्याच्या पोकळ भागांत आणि वायरिंगच्या जोडांत शिरते. वर्षभर काही दिसत नाही, मग आतून गंज चढतो आणि एखाद्या रात्री घाटात दिवे बंद पडतात. ती गाडी धुऊन, रंगवून, पाणी शिरले होते हे न सांगता विकली, तर घेणाऱ्याचे पैसे तर जातातच, त्याचा जीवही टांगणीला लागतो. पुरात सर्वस्व गमावलेल्या माणसाने आपले नुकसान गुपचूप दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन ठेवणे, हे त्याचे दुःख कितीही खरे असले तरी योग्य ठरत नाही.

शेजाऱ्याचा श्वास आणि नदीचे पाणी

स्वस्त म्हणजे कुणाला स्वस्त, हाही विचार हवा. काहीजण भाड्याचा कंप्रेसर आणून घरीच दोन घटकांचा पीयू रंग फवारतात. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते श्वासातून गेले तर दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. अंगणात फवारा सुरू असताना शेजारच्या खिडकीत तान्हे बाळ झोपले असेल, तर आपण वाचवलेले पैसे त्या बाळाने भरले. म्हणून घरच्या घरी काम करणाऱ्याने ब्रश-रोलरचा साधा इनॅमलच वापरावा, तोही मोकळ्या हवेत, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारूनच घासावा. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, आणि त्या नियमाबाहेर राहिलेल्या गाड्यांच्या रंगांत, शिसे असू शकते. ती धूळ मुलांच्या हाताला लागू नये.

उरलेले थिनर गटारात ओतणे ही आणखी एक सवय. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना घेऊन सांगलीला येते. साताऱ्याच्या गटारात टाकलेले सांगलीच्या पात्राकडे निघालेले असते. वरच्या गावाने खालच्या गावाचे पाणी आपले समजावे, हा शेजारधर्म आहे. थिनर बाटलीत ठेवले की रंगाचा गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा ब्रश धुवायला चालते. यात पैसेही वाचतात.

जे कोणी पाहत नाही

शेवटी एक प्रश्न उरतो. गाडी विकायची नाही, शेजाऱ्याला त्रास नाही, मग दाराच्या आतली बाजू आणि गाडीचा तळ नीट केला नाही तर कुणाचे काय बिघडले? याचे एक साधे उत्तर आहे. दाराखालची पट्टी, तळपत्रा, शॉकॲब्झॉर्बर बसतो तो भाग यांवर गाडीतल्या माणसांचा भार असतो. तिथला गंज कोणाला दिसत नाही, पण तुटायचे ते तिथेच तुटते. मागच्या सीटवर आपलीच आई बसलेली असते.

दुसरे उत्तर माणसाबद्दल आहे. काम करताना हातातली वस्तू घडत असते आणि तिच्याबरोबर करणाराही घडत असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकाचा गाभा हाच आहे, की श्रमाचे मोल आधी तो करणाऱ्या माणसात शोधावे. न दिसणारा कोपरा खरवडणाऱ्या हाताला एक वळण लागते. तोच हात उद्या कारखान्यात जॉब तपासतो, कार्यालयात फाईल लिहितो, घरात हिशेब ठेवतो. आणि 'चालतंय की' म्हणून गंजावर लांबी थापणाऱ्या हातालाही वळण लागतेच. आपल्या मनाच्या बाबतीत तर आपण हे सर्रास करतो. जुने भांडण न मिटवता सणाला हसून भेटतो आणि वर्षभराने तिथेच फोड का आला, याचे आश्चर्य करतो. पापनिवेदनाला येणाऱ्याला आम्ही दुसरे काय सांगतो? खरवडणे दुखते, पण रंग टिकायचा तर तोच मार्ग आहे.

तेव्हा ज्यांच्या अंगणात अशी गाडी उभी आहे, त्यांनी बिनधास्त रंगवावी. काही साध्या गोष्टी मात्र कराव्यात. गाडीचा रंग आरसी पुस्तकात नोंदलेला असतो. वेगळा रंग द्यायचा असेल तर आरटीओकडून ती नोंद बदलून घ्यावी. भार घेणारा पत्रा गेला असेल तर तिथे लांबी न भरता वेल्डरकडे जावे. आणि पत्रा उघडा असताना, प्रायमर मारण्याआधी, मोबाईलवर प्रत्येक बाजूचे फोटो काढून ठेवावेत. पुढे गाडी विकायची झाली तर किल्लीबरोबर ते फोटोही घेणाऱ्याला दाखवावेत. जो रंगाखालचे दाखवायला तयार आहे, त्याने डबा कितीचा आणला, हे कोणी विचारू नये.

आपला,
धर्मग्राम धर्मगुरू